अंगठीचा विमा

माय,

तुझी साखरपुड्याची अंगठी परवा मी सराफाच्या काट्यावर ठेवली. विकायला नाही गं, लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. ती आता माझ्या मुलाच्या होणाऱ्या बायकोच्या बोटात असते. धुळ्याला साखरपुडा झाला आणि आठवडा होत नाही तोच पोरीचा फोन. "आई, अंगठीचा विमा काढू या का? सराफाकडून किमतीचा दाखला तेवढा लागेल." माझं डोकंच फिरलं. "बोटात घातली नाही तोच हरवायच्या गोष्टी? असलं अभद्र आमच्या घरात कोणी बोलत नाही," असं फाडकन सुनावलं आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने मुलाचा फोन. "आई, ती रडतेय. एवढंच असेल तर अंगठी परत देते म्हणते." अंगठी परत म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

शनिवारी ती एकटीच जळगावला आली. मी चहा टाकला, ती ओट्याला टेकून उभी. तीच म्हणाली, "आई, पुण्यात आम्ही तिघी एका खोलीत राहतो. स्वयंपाकाला मावशी येतात. उद्या ही कुठे पडली तर मी त्या सगळ्यांकडे संशयाने बघायला लागेन. विमा असला तर निदान म्हणता येईल, गेली तर गेली. मला कोणाकडे तसं बघायचं नाहीये." चहा उतू गेला. गॅस बंद करायचंही मला सुचलं नाही, तिनेच केला.

मला आपलं चोपड्याचं स्वयंपाकघर दिसत होतं. ज्वारीचे पापड, आपले बिबडे घालायचा दिवस. पिठाचा घाटा शिजतोय, गल्लीतल्या बायका मदतीला आल्यात, हात भरायच्या आधी तू अंगठी काढतेस. संध्याकाळी बघतो तर अंगठी नाही. बायका चार-पाच होत्या, पण तू बघतेस ती फक्त पिंपळनेरवालीकडे, कारण ती एकटीच मजुरीवर आलेली. तू तिला चोर म्हणाली नाहीस, ते खरं. "आज चुलीजवळ कोण होतं गं?" एवढंच विचारलंस, आणि तिच्याकडे बघत पुन्हा तेच विचारलंस. तिने पदर झटकून दाखवला. "मी नही लिन्ही, अक्का. बठ्ठं घर दखी ल्या मन्हं." सगळं घर बघून घ्या म्हणत होती ती, तू पाठ फिरवलीस. ती त्यानंतर आपल्याकडे आली नाही, आणि गल्लीत दुसऱ्या कोणी तिला कामाला बोलावलंही नाही. पुढे खड्या मिठाची बरणी रिकामी करताना अंगठी परातीत खणकन पडली. घाट्यात मीठ घालताना तूच जपून तिथे ठेवली असणार. मी उड्या मारायला लागले, "मी तिला सांगून येते!" तू माझं मनगट धरलंस. "गप बस. सापडली ना? मग झालं."

काय झालं, माय? काहीच झालं नाही. मला अजून राग येतो तुझा. तापात माझ्या उशाशी बसून राहणारी तू आणि ही मनगट धरणारी तू, दोघी एकच, हे मला आजवर जुळवता आलं नाही.

तर आम्ही सराफाकडे गेलो. त्याने अंगठी भिंगाखाली धरली, म्हणाला, जुनं काम आहे, हल्ली असं कोणी करत नाही. पोर खूश झाली. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "आजींनी केवढी जपली हो ही!" मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दाखला घेतला, विमा काढला, जाताना ती पाया पडली. तिच्यापुढे तुझी लाज राखली मी.

खरं सांगू? हे पत्र तुला लिहायचंच नव्हतं. सकाळी कागद घेऊन बसले ती पिंपळनेरवालीला लिहायला. पण वर लिहू काय? पिंपळनेर तर तिचं माहेर. तिला नावाने हाक मारलेली मी आपल्या घरात कधी ऐकली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. म्हणून मग "माय" लिहिलं.