फुकटच्या फोनवरचा कर

फ्रेस्नो, शुक्रवार

माझ्या आईला कोरिनचा गालावर एक पापा,

नोकरी शाबूत आहे, हे आधीच सांगते. म्हणजे पुढचं नीट वाचशील.

सोमवारी मी दुकानात ओहानियन आजींना दोन वर्षांच्या करारावर फुकट मिळणारा फोन दिला आणि विक्रीकर घेतलाच नाही. आपल्या ऑरेगनमध्ये हा कर कुणी पाहिलाय? मला वाटलं, शून्य डॉलरवर कर शून्यच. इथे मात्र फोन फुकट दिला तरी कर त्याच्या पूर्ण किमतीवर लागतो! मॅनेजर म्हणाला, "सत्तर डॉलर आजींकडून आण, नाहीतर दुसरी नोकरी बघ."

भीत भीत फोन केला, तर आजी खो खो हसल्या. "अगं पोरी, मी पाकीट उघडून उभी होते, तूच नको म्हणालीस! तेव्हाच ओळखलं, ही ऑरेगनची." आज येऊन कर भरून गेल्या, वर मला जर्दाळू दिले. रात्रीचं जेवण तेच.

बाबांचा खोकला थांबला का? माझ्या दुकानातला फुकटचा फोन घ्यायला येतो म्हणत होते ना? त्यासाठी इतक्या लांब येऊ नका म्हणावं, तिकडेच घ्या, कर वाचेल.

नाही, येऊ दे त्यांना. कर मी भरीन.

तुझीच,
कोरिन