देवनागरी कुणाच्या हवाली

सोम. ९ फेब्रु.
कॉम्प्युटरवर मजकूर दाखवणाऱ्या, वाचणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि नेमका आपलाच भाग मोडला. जोडाक्षरं सुटी पडतायत. प्रोग्राम कंपनीच्या ताब्यात, पण त्यातलं देवनागरीचं काम इतकी वर्षं मी आणि इकबालसर करतोय. हौसेने, फुकट. आतलं काहीतरी बदललं त्यांनी, विचारलंसुद्धा नाही.
दुपारी पळस्प्याहून मंदाताईंचा फोन. त्यांना दिसत नाही. कॉम्प्युटर वाचून दाखवतो त्यावर ऑफिसचं सगळं काम. "अगो, 'प्रश्न' नीट बोलत नाय. प, र, श, न करतंय. पुढल्या महिन्यात खात्याची परीक्षा हाय माझी."
करते म्हटलं.

बुध. ११
दुरुस्ती पाठवली. सरांनी तपासली, चोख म्हणाले. कंपनीचं आपोआप उत्तर : आधी करारावर सही, मगच घेऊ. वाचला करार. दिलेल्या कामाचं पुढे काय करायचं ते कंपनी ठरवणार. विकतच्या आवृत्तीत घातलं तरी.
सर फोनवर : "दस्तखत करू नका, वृंदा. आपण हे सगळ्यांना दिलंय. एकाला मालक करायला नाही."

शुक्र. १३
कंपनीच्या बाईंशी व्हिडिओवर बोलले. भांडायच्या तयारीने बसले होते. त्या अगदी नम्र. "उद्या यातून कुणी घातक काही घुसवलं तर जबाबदार कोण? तुम्ही दोघं?"
सर्व्हर त्यांचे, तपासणी त्यांची, हेही खरंच. पण मग मोडलं तेव्हा...

रवि. १५
सरांकडे गेले. भाभींनी चहा दिला, तो गार झाला. सर आपल्या देवनागरीच्या कामाची वेगळी प्रत काढणार म्हणतात, कुणाच्याच ताब्यात नसलेली.
"सांभाळणार कोण?"
"आपण."
"सर, माझी नोकरी, आईचं आजारपण—"
"मग इतकी वर्षं कशासाठी केलंत?"
आवाज चढले. रिक्षा न करता घरी, खांदा कॉलनीपर्यंत चालत आले. डोकं शांत नाही ते नाहीच.

मंगळ. १७
मंदाताईंना विचारलं, वेगळी प्रत चालेल का परीक्षेला.
"परीक्षेला मशीन खात्याचं, त्याच्यात कंपनीवालंच असतंय. आपलं काय घालू देत नाय."
सही केली. सरांना कळवलं. "ठीक आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. खुदा हाफिजसुद्धा नाही.

गुरु. १२ मार्च
दुरुस्ती वेळेत गेली होती. मंदाताईंची परीक्षा काल झाली. "काय लिवलं ते देवाला ठावं. पन ऐकू सगला आला!" केवढ्या हसत होत्या.
संध्याकाळी कंपनीची मेल. भारतीय भाषांचा भाग यापुढे त्यांचीच टीम बघणार. मनापासून आभार वगैरे. माझे बदल करायचे अधिकार काढले. सही असूनही.
आईला काही सांगितलं नाही. जेवण गेलं नाही.

शनि. १४
सरांची वेगळी प्रत आलीय. उघडली. करणाऱ्यांच्या नावांत माझं पहिलं, त्याखाली त्यांचं. बराच वेळ बघत बसले.
मग त्यांचा मेसेज : "रफार सरकतोय. वेळ असेल तर बघता का?" एवढंच. महिन्याभरात पहिल्यांदा.
"बघते," लिहून टाकलं. नंतर प्रश्न पडला. करारानंतर हे मला चालतं का? कंपनीच्या बाईंना विचारलंय. उत्तर नाही.
रफार कुठे चुकतोय ते मात्र सापडलंय.