खिडकीतला दिवा

१२ डिसेंबर, कोथरूड

…दूध तापवलं, आंघोळ झाली, भाजी चिरून झाली, तरी बाहेर काळोखच. गेल्या हिवाळ्यात लेकीकडे, नेहाकडे स्वीडनला होते, तिथली ही सकाळ आज आठवली. मला वाटलं, आपणच भलत्या वेळी उठलो. नेहा म्हणाली, "आई, इथला सूर्य सरकारी नोकरीत आहे. उशिरा येतो, जेवण झालं की पळतो." समोरच्या प्रत्येक खिडकीत मात्र दिवा, पडदे उघडे. कोणासाठी, विचारलं. म्हणाली, "रस्त्याने जाणाऱ्यांसाठी."

आज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. "आई, तू दिसतच नाहीस. लाईट गेले का?"

नाही म्हटलं. देवापाशी निरांजन लावलंय, एकटीला किती उजेड लागतो?

"दिवसभर ऊन तुझ्याकडे, आणि अंधारात तूच बसलीस! बाबांचा दिवा कुठाय?"

खिडकीशीच आहे. हे रोज संध्याकाळी त्याच्या उजेडात वाचायचे. हे गेले त्याच आठवड्यात बल्बही गेला. मी दिवसा वाचते, म्हणून बदलायचा राहिला. की कारण ते नव्हतंच? ती तिकडे महिनोन्महिने काळोखात राहते, खिडकीत दिवा लावते आणि कामाला जाते. माझं काय अडलं होतं? फोन ठेवताना तिचा आवाज बारीक झाला होता. माझ्या काळजीनं. हे काही बरं नाही.

१३ डिसेंबर

बुधवार पेठेत जाऊन बल्ब आणला. दिवेलागणीला खिडकीतला दिवा लावला. पडदा ओढला नाही.