तिसऱ्या हाकेची वाट

तलवाडा, मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय रतन,

पत्राला लई उशीर झाला, रागावू नकोस. चार वेळा दौत काढली. कधी शाई वाळली, कधी मीच वाळलो. दोन यत्ता शिकलेल्याचं हे अक्षर जो कुणी तुला वाचून दाखवील, त्याला माझा रामराम. तीन वर्षांमागं तू सासरी न विचारता माहेरी आलीस आणि लोक काय म्हणतील म्हणून मी तुला त्याच गाडीनं बीडला परत धाडलं. त्यानंतर तुझा निरोप नाही. माझ्या इतर काळज्या सवयीच्या आहेत. तू पुन्हा या घरात येशील का, ही एक तेवढी झोपू देत नाही.

इकडं ज्वारी बरी आहे. कपिली श्रावणात व्याली, गोऱ्हा झाला. त्याच महिन्यात गावात पटकीची साथ आली आणि साथीबरोबर हाकामारीचं, दारात हाक मारून माणूस नेणाऱ्या भुताचं, भय. तुला आठवत असेल, दिवस कलला की पहिल्या दोन हाकांना कुणी ओ देत नाही. भूत तिसरी हाक मारत नाही, माणूस मारतो. साथ गेली, लोक विसरले. मला मात्र दिवसाउजेडीही ती खोड लागली. शेजारची केसरबाई विस्तव मागायला आली की कुडापलीकडून ओरडून ओरडून दमायची. म्हणायची, "भाऊजी, मी मेल्यावर तरी ओ द्या बरं, तवर चूल थांबंल माझी."

मी देवाचं फार करू लागलो होतो. शनिवारचे उपास, सकाळी मारुतीपुढं माळ. मनात एकच, की तुझ्याबाबत मी काय करावं याचा देवानं काही इशारा द्यावा. एके सकाळी अशीच माळ ओढत होतो. गोठ्यात कपिली हंबरली. मी डोळे उघडले नाहीत. पुन्हा हंबरली. म्हटलं, तिसऱ्यांदा हंबरली तर बघू. तेवढ्यात आश्रुबा धनगर कूड ओलांडून आत आला. गोऱ्ह्याच्या गळ्याला दावं आवळलं होतं, जीभ बाहेर आली होती. त्यानं विळ्यानं दावं कापलं अन् माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "कावून बे, कान गहाण टाकले का?" मी म्हटलं, देवाची हाक येते का बघत होतो. तो म्हणाला, "अन् ही कुणाची व्हती? देव काय तहसीलचा शिपाई हाय, डफ वाजवत दारात यायला?"

मला राग आला. पण गोऱ्ह्याचं अंग चोळत बसलो असता वाटलं, अडाणी माणूस खरं बोलला. देव मला माझ्याच गोठ्यातून हाक मारत होता आणि मी त्याच्याच नावाची माळ ओढत बसलो होतो. तेव्हापासून केसरबाईनं भाऊजी म्हटलं की मी उठतो. गाय हंबरली, उठतो. घागर रिकामी वाजली, उठतो. गुडघे दुखतात, पण मन थोडं थाऱ्यावर येतं. आश्रुबा हसतो, म्हणतो, म्हातारं आता कावळ्यालाबी ओ देतंय.

रतन, आता जे लिहायला बसलो ते लिहितो. श्रावणातल्या बाजारच्या दिवशी, दिवेलागणीला, दार लावून बसलो होतो. बाहेरून "आबा" अशी हाक आली. थोड्या वेळानं पुन्हा आली. तिसरी आली नाही. हाकामारी ओळखीच्याच आवाजात बोलावते, असं मी मनाला सांगितलं. पण आवाज मी ओळखला होता. मला भुताचं भय नव्हतं. दार उघडून तुझ्या तोंडाकडं कसं बघू, याचं होतं. दुसऱ्या दिवशी धर्मशाळा झाडणारी चतुराबाई म्हणाली, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई रात्री देवीच्या धर्मशाळेत टेकली होती, उजाडताच गेली. मी कुणाला काही विचारलं नाही. ती तू असशील तर मी चुकलो. तू नसलीस तरी चुकलोच, कारण लेकीच्या आवाजाला मी ओ दिली नाही. आश्रुबाचा सुग्रीव घोंगड्या विकायला बीडला येतोय, पत्र त्याच्याकडं दिलं आहे. तो सोमवारी माघारी फिरेल. रागाचे दोन शब्द सांग, पण सांग. त्या लेकराचं नाव तेवढं कळव. लवकर कळव.

तुझाच,
आबा