हिंजवडीचा अकीक

अपेक्षा,

आई आणि मी स्वारगेटहून साताऱ्याची गाडी धरतो आहोत. उद्या संध्याकाळी येऊ. दत्तप्रसादला आज जेवायला मीच बोलावलं आहे. आमच्यासमोर तुम्ही दोघं नुसतं हवापाण्यावर बोलता, त्याने लग्न ठरत नसतं. मसालेभात झाकून ठेवला आहे, कोशिंबीर तेवढी तू कर.

बाल्कनीत दगड कापायच्या यंत्राजवळ मोठा अकीक दिसेल. शुभंकरने हिंजवडीला त्याच्या कंपनीच्या नव्या इमारतीच्या खोदाईतून आणलेला, तोच. "बाबा, हा रविवारी कापू," म्हणाला होता. शनिवारी त्याचा अपघात झाला. त्यानंतर तो दगड चकतीला लावायचा मला कधी धीर झाला नाही.

काल तू ऑफिसात असताना कापला. बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड होता. आत करडी-पांढरी वलयं निघाली आणि मधोमध स्फटिकांनी भरलेली पोकळी. आई बराच वेळ तो हातात धरून बसली. मग म्हणाली, "एक अर्धं आपल्याकडे राहू दे. दुसरं जाऊ दे सुनेबरोबर, नव्या घरी."

तुझ्या अर्ध्याला पॉलिश केलं आहे. ते दत्तप्रसादला दाखव आणि कोणी आणलं होतं तेही सांग. ऐकून तो गप्प बसला तर बसू दे. विषय बदलला, तर मात्र मला सांग. शुभंकरचं नाव घ्यायची जिथे चोरी, त्या घरात आम्ही आमची मुलगी देणार नाही.

बाबा