कुसुमचं मनगट बघून घेतलेले शेअर

२ मार्च २००८, शिरगाव
लते, माझे लेकी, ही वही पुढंमागं तूच वाचशील, म्हणून पहिलं तुझंच. मागच्या खेपेला डबा उरणला नेलास, झाकण माझ्या ओट्यावर. त्याच्या आधी झाकण नेलंस, डबा इथं. तू पंधरावी शिकलीस. मला एक अक्षर येत नाही, पण लग्नात धवले गायला बसले की दोन दिवस एक ओळ चुकत नाही. तू विसरशील म्हणून लिहून ठेवते. म्हणजे मी बोलते, सूनबाई लिहिते. मनीषा, हसू नको, लिही.

आज कुसुम आली होती. माझी धाकटी जाऊ. ह्याच घरात पंचवीस वर्षं नांदली, आणि अंबरनाथला फ्लॅट घेतल्यापासून दारात उभी राहून विचारते, "येऊ का?" शेतं बिल्डरला गेली तेव्हा माझा वाटा मी पोस्टात ठेवला. तिनं शेअर घेतले. तिचा भरत आनंदनगरला औषधाच्या कंपनीत आहे, त्याच कंपनीचे. वजन उतरायची गोळी काढलीय त्यांनी. शेअर दुप्पट झाला म्हणे.
"बाय, जगात जाड मानसां काय कमी हायेत? धंदा बुडाचा नाय."
चहा अर्धा टाकून गेली. पैसा आला की चहा गोड लागत नाही.

९ मार्च
रात्रभर डोक्यात तेच. शेअर तिच्या स्वतःच्या नावावर आहेत. सही करते ती! साक्षरता वर्गात दोघी गेलो होतो. मी चौथ्या दिवशी सोडला, भात लावायचा होता. ती तीन अक्षरं शिकली, कु, सु, म. त्या तीन अक्षरांवर आज एवढी…

२० एप्रिल
गावात लग्न. कासार आला. बायका हात पुढं करून बसल्या. हे गेल्यापासून माझे हात मोकळे, मी नुसती बघते. कुसुमला दोन-दहाची बांगडी लागायची, तीही साबण लावून, ओरडत. आज कासारानं दोन-आठ काढली, सैल. दोन-सहा चढवली, गपकन बसली. ती गोळी तीही घेते, गुडघ्यांवरचं वजन उतरावं म्हणून डॉक्टरनं लिहून दिली. मी डोळ्यांनी बघितलं. गोळी चालते!

धवल्याला मात्र साथ नाही दिली नीट. मी ओळ सोडली की ती झेलायची, तीस वर्षं. आज मध्येच गप्प. फ्लॅटवाल्यांना मांडवात गळा काढायची लाज वाटत असेल.

२४ एप्रिल
उल्हासनगरला नंदूसेठकडे. आधी ह्याच दुकानात ब्लाउजपीस विकायचा, आता शेअर विकतो. सोबत मनीषा. प्रकाशला, म्हणजे माझ्या लेकाला, सांगितलं नाही. तो म्हातारीचं एक ऐकून घेत नाही.
सेठ म्हणाला, "अम्मा, सोच लो. कंपनी का क्या देखा?"
"जाऊचं मनगट."
समजावून सांगितलं तर पोट धरून हसला. "ऐसी जाँच तो बंबई में भी कोई नहीं करता!"
अंगठ्याची भानगड फार. बँकेच्या साहेबासमोर उठवला, मनीषाची साक्ष. पोस्टातले निम्मे घातले.

१५ जून
शेअर वर गेला! मनीषानं पेपरात बघून सांगितलं. लगेच कुसुमला फोन.
"मी पण घेतले हो."
"बरां केलंस बाय."
बस. एवढंच. मी चार महिने जळले, ती माझ्यावर चार मिनिटं जळायला तयार नाही. हा कसला माज!

१० ऑगस्ट
मुद्दाम अंबरनाथला गेले, नवीन लुगडं नेसून. दार भरतच्या बापानं उघडलं. भर दुपारी पडदे ओढून कुसुम भिंतीकडे तोंड करून पडलेली. वेणी नाही. ताट झाकलेलं, तसंच. लुगडं बघितलंही नाही.
"मना काय नको बाय. भूक नाय, झोप नाय. सकाल झाली का रडू येतं. कनाला येतं, ता समजत नाय."
मी म्हटलं, थांब, आणि हळदीचा धवला लावला. पहिली ओळ मी. दुसरी तिची.
तिला आठवली नाही.


२८ ऑक्टोबर
भरत येऊन सांगून गेला. परदेशात ती गोळी थांबवली. माणसं उदास होतात, जिवाला घोर लागतो, असं निघालं. डॉक्टरनं कुसुमची बंद केली. शेअर पडला. नंदूसेठचा फोन, "अम्मा, बेचें या रखें?"
मी म्हटलं, कागद पाठव, मग बघते. अर्धा चहा, सैल बांगडी, मांडवातली ती गप्प, सगळं माझ्यासमोर होतं. मी माज समजले. आणि तिच्याच मनगटावर पैसे लावून आले.
प्रकाशला अजून माहीत नाही.

९ नोव्हेंबर
कुसुमला इथं आणलीय. मीच हट्ट केला. "बिचारीचे पैसे गेले" म्हणत अख्खं शिरगाव तिला भेटायला येतंय, केळी, नारळ, बिस्किटं. माझेही गेले! मला कोण भेटायला येणार? सांगितलंय कुणाला? मनीषा, तोंड दाबून हसू नको.

१६ नोव्हेंबर
गोळी सुटली तरी मन लगेच येत नाही, डॉक्टर म्हणाला वेळ लागेल. किती, ते त्यालाही माहीत नाही. सेठनं विकायचा कागद पाठवलाय. तांदळाच्या पिंपाखाली ठेवलाय. अंगठा अजून दिला नाही. कुसुमला विचारलं, विकू का? "तुला वाटंल ता कर." असं बोलणारी बाई नव्हती ती. शेणाच्या गोवरीवरून भांडायची माझ्याशी.
पण आज संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तर मागून हळूच म्हणाली, "जवला असता तर…"
मी तवा तसाच ठेवून ऐकत राहिले.

तर लते, उरणचा सुका जवळा पाठव, नवा, वाळू निवडून. सुके बोंबील पाठव, आंबोशी पाठव. पहिल्या येणाऱ्या माणसाच्या हाती. माझा वाटा वेगळा बांध, तिच्यापेक्षा मूठभर जास्त. आणि डबा झाकणासकट.