पहिल्या पेरापर्यंत पाणी

मोलगी, ३ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांस,
ममताचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हां हां करता, ऐकू येतं अर्धंच. म्हणून हे पत्र दोधूच्या जीपनं पाठवतेय. चष्मा लावून वाचा.

आप्पा, भात कसा करायचा ते तीनदा सांगितलं आणि तीनदा गिचकाच? हेमकांतभाऊ दिवाळीला बासमतीची थैली ठेवून काय म्हणाला होता? भाकरी राहू द्या, निदान मोकळा भात स्वतः करून दाखवा, नाहीतर सुरतेला चला. त्याचंही काय चुकलं? माय गेल्यापासून तुम्ही चहा-टोस्टवर दिवस काढताय, परवा मळ्यात चक्कर येऊन पडलात. तो सोळा तारखेला, रविवारी येतोय. त्याच्या सातव्या मजल्यावरच्या घरात तुमचा जीव रमणार नाही हे मला कळतं, पण शाळा सोडून मी तरी रोज कशी येऊ?

मायची रीत लिहिते. दोन वाट्या तांदूळ तीन पाण्यांनी हलक्या हातानं धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा. पातेल्यात घालून अंगठ्याजवळचं बोट तांदळावर टेकवा आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी ओता. मीठ, चमचाभर तूप. उकळी आली की गॅस बारीक आणि वर झाकण. मग हात बांधून बसा! खिचडीसारखा घोटू नका.

रागावले तरी माया आहे, एवढं धरून चाला.
तुमची ममता


लोणखेडा, ७ नोव्हेंबर

चि. ममतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी काय येडा शे का, एवढं हात बांधून बसायला सांगतेस? बसलो. झाकणाला हातसुद्धा लावला नाही. झाकण काढलं तर आत लापशी! शेजारच्या रूपलीबाईनं डोकावून विचारलं की आज खीर केली का. म्हशीपुढं ठेवली, तिनं तोंड फिरवलं.

पाणीही बोटानंच मोजलं. माझं ते बोट आखूड, म्हणून कमी पडायला नको असा विचार करून दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. डोकं चालवलं की नाही? चूक तुझ्या रीतीत असेल. नाहीतर हे सुरतेचे तांदूळच नाटकी.

पन्नास वर्षं केळी-पपईला पाणी दिलं, कधी झाड कुजवलं नाही. आणि दोन वाट्या तांदळापायी माझं घर सुटणार म्हणे. नीट काय ते लिही.

जपून राहा, डोंगरात थंडी पडली असेल.
तुझा आप्पा


मोलगी, ११ नोव्हेंबर

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

कपाळ माझं! दुसऱ्या पेरापर्यंत? अहो, मग लापशी नाही तर काय होणार? कडबा कापायच्या कुट्टीत अर्धंच पेर गेलं आणि तुम्ही भरपाई केलीत आख्ख्या पेराची!

पण मीच मूर्ख. मी दुसरीत होते. कडबाकुट्टीत तुमचं बोट गेलं तेव्हा फडकं गुंडाळून आधी मला शाळेत सोडलंत, मग दवाखान्यात गेलात. आणि मी तेच बोट बुडवा म्हणून लिहिते! स्वतःचीच लाज वाटली. आप्पा, डाव्या हाताचं बोट वापरा. पहिलं पेर. त्याच्यावर एक थेंब नको. गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं तसंच राहू द्या.

रविवारी माझा जीव थाऱ्यावर नसेल. लगेच कळवा.
तुमची ममता


लोणखेडा, १६ नोव्हेंबर

चि. ममतास अनेक आशीर्वाद.

तुझा भाऊ येऊन गेला. येताना माझ्या कपड्यांसाठी मोठी रिकामी बॅग घेऊन आला होता. तिच्याकडं न बघता डाव्या बोटाचं पहिलं पेर मोजून पाणी ओतलं. तो गॅसपाशी पोलिसासारखा उभा, शिजलं का म्हणून चारदा झाकण उचलायला गेला. मी त्याच्या हातावर वरणाचा डाव मारला.

भात मोकळा झाला गं, शिताला शीत लागलं नाही. हेमकांतनं दुसऱ्यांदा वाढून घेतला, मग तिसऱ्यांदा. शेवटी म्हणाला, मायच्या हातचा वाटतो. मलाही तसंच वाटलं, म्हणून मी वरण आणायच्या निमित्तानं आत गेलो. जाताना त्या बॅगेत पपया भरून दिल्या. दर महिन्याला येऊन जेवीन म्हणाला.

आता एकच लिहून कळव. आज दोघं होतो, दोन वाट्या पुरल्या. उद्यापासून एकट्यापुरता किती घ्यायचा? तुझ्या मायनं एकट्यापुरतं कधी रांधलंच नाही.

लवकर उत्तर दे, तांदूळ भिजवायचे आहेत.
तुझा आप्पा